खुळखुळणारी बाटली : एचआयव्हीचं औषध फुकट असूनही उपचार का सुटतात

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार. तो देणाऱ्या एआरटी केंद्रातून मिळणारी गोळ्यांची बाटली प्लास्टिकची असते. पिशवीत टाकून चालायला लागलं की ती खुळखुळ वाजते. एसटीत शेजारी बसलेली बाई सहज विचारते, "कसल्या गं एवढ्या गोळ्या?" या एका प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी जणी केंद्राच्या आवारातच बाटली उघडतात, गोळ्या रुमालात किंवा छोट्या पिशवीत बांधतात आणि बाटली, लेबल, आतली ओल शोषणारी पुडी असं सगळं कचऱ्यात टाकतात. मग त्या गोळ्या धान्याच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, ट्रंकेच्या तळाशी राहतात. पावसाळ्यात त्यांना ओल लागते. कधी पाहुणे आलेत म्हणून रात्रीची गोळी राहते, कधी नणंद शेजारी झोपली आहे म्हणून.

एचआयव्हीबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात तो कसा होतो आणि कसा होत नाही हेच जास्त असतं. झाल्यानंतरची वीस-तीस वर्षं माणूस कशी काढतो, हातात पैसा आणि जवळ सोयी नसताना हा उपचार कसा चालतो आणि नेमका कुठे तुटतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि संख्येने ते सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. म्हणजे आपल्या तालुक्यात, आपल्या बसथांब्यावर ते आहेतच. फक्त बाटली वाजू न देण्याची काळजी घेतात, म्हणून आपल्याला कळत नाही.

मुकादम आणि सातबारा

आधी हा विषाणू करतो काय, ते पाहू. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता सहसा चालवत नाही. कोणत्या फडात उतरायचं, किती कोयते लावायचे, गाडी कधी भरायची, हे तो ठरवतो. तोच नसला तर पन्नास माणसं कोयते घेऊन फडाच्या कडेला बसून राहतील. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम बरंचसं असंच. जंतू मारणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांना उठवायचं आणि कामाला लावायचं, हे सीडी-४ चं काम. केंद्राच्या रांगेत "माझ्या पेशी साडेचारशे आल्या" असं लोक म्हणतात, त्या याच पेशी. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

एचआयव्ही नेमका या मुकादमाच्याच अंगात शिरतो. त्याची पुढची करामत समजायला तलाठ्याचं दप्तर आठवा. विषाणूकडे स्वतःची माहिती असते ती कच्च्या कागदावर, पेशीच्या दप्तरात न चालणाऱ्या लिपीत. म्हणून तो आपला लेखनिक बरोबर आणतो. हा लेखनिक त्या कागदाची पेशीला कळेल अशी नक्कल तयार करतो. मग दुसरा एक कारकून ती नक्कल पेशीच्या मूळ दप्तरात घुसवतो. फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. एकदा नाव चढलं की पेशी तो हुकूम आपलाच समजते आणि नवे विषाणू बनवत राहते.

आज भारतात बहुतेकांना दिली जाणारी गोळी टीएलडी नावाने ओळखली जाते. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, अशी तीन औषधं एकाच गोळीत. पहिली दोन नक्कल बिघडवतात, तिसरं फेरफार अडवतं. त्यामुळे नव्या पेशी वाचतात आणि काही महिन्यांत रक्तातला विषाणू मोजण्याच्या पलीकडे कमी होतो. पण ज्या पेशींच्या सातबाऱ्यावर नाव आधीच चढलं आहे, ते खोडणारं औषध अजून नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षं गपगार झोपून असतात. गोळी बंद केली की थोड्याच आठवड्यांत त्यातली एखादी जागी होते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. "आता बरं वाटतंय, मग रोज कशाला?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बरं वाटतंय ते गोळीमुळे.

अधूनमधून गोळ्या चुकल्या तर आणखी एक गोष्ट होते. हा लेखनिक घाईचा आणि चुकार आहे, प्रत्येक नकलेत काहीतरी चुकवतोच. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. पण रक्तात औषध अर्धवट असताना ज्याची चूक नेमकी औषधाला चकवणारी निघाली, तो तगतो आणि त्याचीच पिल्लावळ वाढते. यालाच औषधाला दाद न देणारा विषाणू म्हणतात. नेव्हिरॅपिनसारखी जुनी औषधं या बाबतीत फार नाजूक होती. डोल्युटेग्राव्हिर बरंच दमदार आहे, दोन-चार चुका सोसून घेतं. महिना-महिनाभराचे खंड मात्र तेही सोसत नाही.

या गोळीचा दुसरा गुण लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याला सांगायला हवा. ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या मोठ्या अभ्यासात ९ देशांतली १७६३ जोडपी होती, आणि पुण्यातली जोडपीही त्यात होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, हे २०११ मध्ये जाहीर झालं. ही बातमी आपल्याच गावातून निघाली आणि आपल्याच गावांत पोचली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किंमत कशी उतरली

२००० च्या आसपास तीन औषधांचा हा उपचार वर्षाला १० ते १५ हजार डॉलरना पडायचा. आफ्रिकेत लाखो माणसं मरत होती आणि औषध श्रीमंत देशांच्या कपाटात होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरना द्यायची तयारी दाखवली. हे जमलं ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. तो कायदा औषधाच्या रेणूवर मक्तेदारी देत नव्हता, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर देत होता. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मुभा होती. पुढे इतर भारतीय कंपन्या उतरल्या आणि भाव आणखी खाली आले. जगातल्या गरीब देशांत एचआयव्हीवरची जी औषधं घेतली जातात, त्यांतली बहुतांश आजही भारतात बनतात.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली, सुरुवातीला ८ केंद्रांत, मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. तेव्हा पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध मिळत नसे. ही रेषा हळूहळू वर सरकत गेली आणि २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की पेशी कितीही असोत, उपचार सुरू. त्या काळच्या गोळीत स्टॅव्ह्युडिन असायचं. त्याने जीव वाचायचा, पण गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, तळपायांची आग व्हायची. चेहऱ्यावरूनच आजार ओळखू यायचा. आजची गोळी तसं काही करत नाही. "त्या गोळ्यांनी माणूस वाळतो" ही समजूत मात्र गावांत टिकून आहे, कारण वाळलेली माणसं लोकांनी खरोखर पाहिली होती.

उशिरा येणारे आणि टीबी

किमतीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, तरी माणसं मरतात. सर्वांत मोठं कारण, ती उशिरा येतात. एचआयव्ही झाल्यावर सात-आठ वर्षं काहीच जाणवत नाही. मग वजन उतरतं, ताप येतो, तोंड येतं, जुलाब थांबत नाहीत. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावलं जातं, मग तालुक्याला, मग देवर्षीकडे, मग बकरी विकून मोठ्या दवाखान्यात. एचआयव्हीची तपासणी कुणी सुचवतं तोवर पेशी ५० वर आलेल्या असतात. अशा माणसाला नुसती एआरटी पुरत नाही. विषाणूपेक्षा त्याच्या आडून शिरलेल्या आजारांचं भय तेव्हा जास्त असतं.

त्यात पहिला टीबी. जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा जीव सर्वांत जास्त घेणारा आजार हाच. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी त्यांचा आजार होतो, बाकीच्यांचं शरीर त्यांना कोंडून ठेवतं. कोंडून ठेवणाऱ्या टोळीचा मुकादम गेला की कोंडवाडा फुटतो. एचआयव्ही असलेल्याला टीबी होण्याचा धोका दहा पटींहून जास्त असतो.

टीबी शोधणंही इथे अवघड. फुप्फुसात पोकळी पडते आणि बेडक्यात जंतू येतात, ते खरं तर शरीराने जोराने लढल्यामुळे. लढायला कुणी नसेल तर पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू कमी येतात आणि सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल "टीबी नाही" असा येतो. माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. म्हणून एचआयव्ही असेल तर जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी करायला हवी. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र याच कामाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते मान्य केलं. जिथे लोडशेडिंग आहे आणि एसी खोली नाही, तिथे बॅटरीवर चालणं याचं मोल फार मोठं आहे. पेशी अगदीच कमी असतील तर लघवीतून टीबीचा अंश दाखवणारी पट्टीही असते. बेडका काढण्याचीही ताकद नसलेल्या माणसाला ती वाचवू शकते.

दोन्ही आजार एकत्र असले तर सहसा आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि दोनेक आठवड्यांत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर डॉक्टर आणखी थांबतात. टीबीचं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की डोल्युटेग्राव्हिर फार लवकर मोडून जातं. म्हणून टीबीचे उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर दोन आठवडे डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते. टीबीची औषधं एका खिडकीवर आणि एआरटी दुसऱ्या खिडकीवर मिळत असेल, तर ही जादा गोळी राहून जाण्याची भीती असते. कुणाच्या घरात दोन्ही उपचार चालू असतील तर हे एक जरूर विचारा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवी अशी आणखी एक गोष्ट आहे. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींचा त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. ताप चढतो, मानेतल्या गाठी सुजतात, दम लागतो. घरचे म्हणतात, "गोळी सोसली नाही," आणि बंद करतात. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं: मुकादम परतला, टोळी उठली आणि इतके दिवस शांतपणे पसरलेल्या टीबीवर एकदम तुटून पडली. त्या झटापटीची ती सूज. हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे. केंद्रात जाऊन दाखवायचं, सूज उतरवणारं औषध घ्यायचं आणि गोळी चालू ठेवायची. गोळी आपल्या मनाने थांबवली तर मुकादम पुन्हा जातो.

दुसरा आजार क्रिप्टोकॉकस या बुरशीचा, मेंदूच्या आवरणाला होणारा. आठवडे-आठवडे न हटणारी डोकेदुखी, हेच त्याचं मुख्य लक्षण, आणि ते पित्तावर किंवा उन्हावर ढकललं जातं. पेशी १०० च्या खाली असलेल्याचं रक्त थेंबभर पट्टीवर टाकलं तर दहा मिनिटांत कळतं. कळलं आणि मेंदूत पोचलेलं नसलं तर गोळ्यांनी भागतं. मेंदूत पोचलं तर अँफोटेरिसिनची इंजेक्शनं आणि पाठीतून पाणी काढणं, म्हणजे मोठा दवाखाना. आफ्रिकेतल्या देशांत झालेल्या एका चाचणीनंतर २०२२ मध्ये अँफोटेरिसिनच्या एकाच मोठ्या डोसची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. जिथे रोज सलाईन लावायला नर्स नाही, अशा ठिकाणासाठीच ती शोधली गेली.

बाईला आधी कळतं

गरोदरपणी सरकारी दवाखान्यात पहिल्या तपासणीत एचआयव्हीचीही तपासणी होते. हे चांगलंच आहे. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर गोळ्या घेतल्या तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. पण याची एक बाजू मोजदादीत येत नाही. नवऱ्याची तपासणी कुणी केलेलीच नसते, म्हणून घरात ज्याला पहिल्यांदा कळतं ती सून असते. जिला आधी कळलं तिनेच आणला, असा सरळ निकाल लागतो. पाचव्या महिन्यात माहेरी धाडलेल्या मुली आहेत. नवऱ्याच्या तपासणीचा आग्रह त्याच दिवशी, त्याच खोलीत धरला गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळ जन्मल्यावर दूध कुठलं, हा प्रश्न श्रीमंत आणि गरीब देशांत वेगवेगळ्या प्रकारे सोडवला गेला. श्रीमंत देशांनी सांगितलं, पावडरचं दूध द्या. जिथे पाणी उकळायला सरपण नाही आणि बाटली धुवायला स्वच्छ पाणी नाही, तिथे त्या पावडरच्या दुधाने मुलं जुलाबानं दगावली. म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी सल्ला असा की आईने गोळ्या चालू ठेवून पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचंच दूध पाजायचं. निव्वळ म्हणजे अगदी निव्वळ: घुटी नाही, मध नाही, गाईचं वरचं दूध नाही, ग्राइपवॉटर नाही. वरचं काही गेलं की बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि तिथून विषाणूला वाट मिळते. सुईणीला, आजीला हे समजावणं डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण घुटी उगाळते ती आजी.

बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे औषधाचं सिरप मिळतं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. बर्फ लागत नाही, पाकिटातून जातं. मोठ्यांची नेहमीची तपासणी बाळाला चालत नाही, कारण आईच्या रक्तातल्या खुणा त्याच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहतात. म्हणून त्या नेहमीच्या तपासणीचा "पॉझिटिव्ह" असा कागद पाहून रडायला बसू नये; अखेरची तपासणी अठराव्या महिन्यात होते.

गरोदरपणात आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्राव्हिरला चिकटतात आणि ते रक्तात उतरत नाही. जेवणाबरोबर सगळं एकत्र चालतं; नाहीतर टीएलडी आधी आणि दोन तासांनी या गोळ्या. पित्तावरची पांढरी पातळ औषधं तर जेवणाबरोबरही एकत्र घेऊ नयेत. आणि टीएलडी उपाशीपोटीही घेता येते. "पोटात काही नाही म्हणून गोळी घेतली नाही" असं सांगणाऱ्या बाया भेटतात, तेव्हा दोन गोष्टी एकदम कळतात: त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, आणि रात्री घरात जेवायला नव्हतं.

फडावरचा महिना

आता बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला जाणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिचं केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे. दिवाळीच्या आगेमागे ती नवऱ्याबरोबर सांगलीला, कोल्हापूरला किंवा कर्नाटकात जाते आणि मार्च-एप्रिलला परतते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस कामाला गेली नाही तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला उठणं, राहायला पाचटाची कोपी, तिला ना दार ना कडी. तिथे बाटली कुठे लपवायची?

आणि गोळ्या संपल्या की? दोनशे-तीनशे किलोमीटर मागे जायचं म्हणजे तीन दिवसांचे खाडे, दोघांचं भाडं, वर मुकादमाला कारण. खरं कारण सांगितलं तर पुढच्या वर्षी टोळीत घेईल का, ही भीती. औषध फुकट असून त्या महिन्यात तिला ते तीन दिवसांच्या कमाईला पडतं. म्हणून ती ठरवते, आता गेल्यावरच घेऊ. केंद्राच्या यादीत तिच्या नावापुढे "एलएफयू" पडतं, म्हणजे संपर्क तुटलेली. ही अक्षरं वाचणाऱ्याला ती बेफिकीर वाटते. मला ती हिशेबी वाटते. तिच्यापुढे जो हिशेब आहे तो कुणाच्याही पुढे ठेवला तरी उत्तर फार वेगळं येणार नाही.

हाच हिशेब मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये लोकांनी सोडवून दाखवला. केंद्र लांब, नदी-नाले, बस नाही. मग सहा-सहा जणांचे गट झाले. दर महिन्याला गटातला एकच जण केंद्रात जायचा, आपली तपासणी करून घ्यायचा आणि सहाही जणांच्या गोळ्या आणायचा. प्रत्येकाला वर्षातून दोनदाच रस्ता तुडवायचा. डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने साथ दिली, पण गाडं ओढलं रुग्णांनीच. गटात आलं की माणूस एकटा राहत नाही, हा त्यातला न मोजता येणारा फायदा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खयेलित्शा वस्तीत तर डॉक्टरऐवजी नर्सकडे उपचार सोपवून हजारो लोकांची एआरटी चालवली गेली.

आपल्याकडेही ग्रामीण रुग्णालयांत लिंक एआरटी केंद्रं, म्हणजे मुख्य केंद्राला जोडलेली गोळ्या देणारी छोटी केंद्रं आहेत आणि प्रकृती स्थिर असलेल्याला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. करोनाच्या टाळेबंदीत तिची किंमत सगळ्यांना कळली. बाहेरगावी असताना तिथल्या केंद्रातूनही गोळ्या घेता येतात. पण या सोयी त्या बाईपर्यंत पोचायला केंद्रातल्या समुपदेशकाने सप्टेंबरातच विचारावं लागतं, "यंदा कुठल्या कारखान्याला?" जो समुपदेशक हे विचारतो तो माझ्या लेखी अर्धा डॉक्टर आहे. त्याच्या समोर दिवसाला इतकी माणसं असतात की प्रत्येकाला विचारणं होत नाही, हेही खरं.

साठा हा दुसरा कच्चा दुवा. जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये गोळ्यांच्या तुटवड्यामुळे एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभराहून जास्त धरणं धरून बसले होते. तीन महिन्यांऐवजी आठवड्याच्या गोळ्या हातात पडल्या की वरच्या बाईचा हिशेब पुरता कोलमडतो. आफ्रिकेत तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली तेव्हा कित्येक ठिकाणी समुपदेशक, घरी जाणारे कार्यकर्ते, नमुने नेणाऱ्या गाड्या एका आठवड्यात थांबल्या. भारताचा कार्यक्रम मुख्यतः आपल्याच अर्थसंकल्पावर चालतो, त्यामुळे तो धक्का आपल्याला तसा बसला नाही.

बाटलीच नको, असाही एक मार्ग पुढे येतो आहे. दोन महिन्यांनी एकदा घ्यायच्या उपचाराच्या इंजेक्शनांचा अभ्यास युगांडा, केनिया, दक्षिण आफ्रिकेत झाला आहे. लागण होऊच नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकॅपाव्हिर हे इंजेक्शन तर २०२४ च्या चाचणीत असं ठरलं की ते घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. वर्षाला ४० डॉलरना ते २०२७ पासून १२० देशांत देण्याचं दोन भारतीय कंपन्यांनी जाहीर केलं आहे. या इंजेक्शनांचं रिफाम्पिसिनशी मात्र वाकडं आहे, म्हणजे टीबी इथेही आडवा येतो.

कायदा काय देतो

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, दवाखाना यांत भेदभाव नाही. घरातून हाकलून देण्यापासून संरक्षण आहे. प्रत्येक राज्यात तक्रार ऐकायला लोकपाल असावा असं तो सांगतो. तरीही केसपेपरवर लाल शाईने मोठी अक्षरं लिहिली जातात, शस्त्रक्रियेची तारीख पुढे-पुढे जाते, कुणीतरी हातमोजे दोन-दोन घालतं. सुई, रक्त, शस्त्रक्रिया यांत जी काळजी घ्यायची ती प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच असते. ज्याचा आजार माहीत आहे त्याच्यासाठी वेगळी नाही. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेसोबत काम करणाऱ्या वेश्याव्यवसायातल्या बायांनी दवाखान्यांतल्या वागणुकीचा प्रश्न फार आधीपासून लावून धरला, आणि त्यांच्या त्या धीटपणाचा फायदा गृहिणींनाही झाला.

संजय गांधी निराधार योजनेच्या पात्रतेत एड्सचा उल्लेख आहे. पण तिथेही दाखला आणायला तलाठी आणि तहसील, म्हणजे गावातल्या ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडणं आलं. कितीतरी जण त्यामुळे अर्जच करत नाहीत.

टोळी निघण्याआधी निदान एवढं व्हावं. आजच्या गोळ्या किती दिवस पुरतील ते मोजून ठेवावं. केंद्रात जाऊन "सहा महिने बाहेर जाते आहे" असं स्पष्ट सांगून तीन महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात, आणि कारखान्याजवळचं केंद्र कुठलं ते केंद्रातून मिळालेल्या उपचाराच्या पुस्तिकेवर लिहून घ्यावं. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढावा, म्हणजे कागद भिजला तरी नोंदणी क्रमांक राहील. खोकला, ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन यांतलं काही असलं तर जायच्या आधी टीबीची तपासणी. बाटली टाकायचीच असेल तर निदान ती ओल शोषणारी पुडी गोळ्यांबरोबर घट्ट झाकणाच्या दुसऱ्या डबीत घ्यावी आणि वर थोडा कापूस भरावा. कापूस भरला की डबी वाजत नाही.

अडलं तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट लागतो. नाव सांगावं लागत नाही.